सोडे पाठवते, पत्ता सांगा

तळवाडी, मुरुडजवळ
३ नोव्हेंबर २०२५

राहे,

आशीर्वाद हायेत. ते दर पत्रात नव्यानं लिहायला मी काय सरकारी कचेरी न्हाय. पत्र लिहिते कारण फोनवर तू बोलतेस त्यातलं अर्धं मला ऐकू येत न्हाय, आणि जे ऐकू येतं ते पटत न्हाय. शिवाय माझा फोन वाजला की शेजारची गोदूबाई कुंपणाला येऊन उभी राहते, जसं काय तुझं न्हाय, तिचंच लगीन ठरतंय.

शनिवारी काय झालं ते ऐक. मी पडवीत नारळ सोलत बसले व्हते. फाटकात पांढरी गाडी थांबली आणि पुण्याची पाच माणसं उतरली. नवरा, बायको, दोन पोरं आणि एक सासू. सासू हे तिच्या उतरण्यावरनंच कळलं. नवरा म्हणतो, "मावशी, आमचं बुकिंग आहे. खोल्या दाखवता का?"

म्हटलं, "बाबा, इथं बुकिंग फक्त यमाकडं हाय, आणि त्यात माझा नंबर अजून लागला न्हाय."

त्यानं फोन काढून दाखवला. राहे, माझं घर! गणपतीच्या आधी शुभमनं फासलेला तो गुलाबी रंग, दिवाळीला तू लावलेला तो हिरवा कंदील, सगळं जसंच्या तसं. वर नाव, 'सागरकिरण होमस्टे'. आणि घराच्या मागं समुद्र. मागं गोदूबाईचा गोठा हाय हे तुला ठाऊक. पण फोटोत तिथं निळाशार समुद्र, त्यात शिडाची होडी. मी मागल्या दारी जाऊन एकदा बघून आले. म्हटलं, न जाणो.

कुणी एक निवृत्त मेजरसाहेब हाय म्हणे. त्यानं दोन रात्रींचे पैसे आधीच फोनवरून घेतले, काशीदच्या रेतीतला कुठलातरी पत्ता पाठवला आणि फोन बंद केला. ही माणसं दोन तास वाळूत घर शोधत फिरली. मंग मुरुडला स्टँडवर फोटो दाखवला. रिक्षावाला म्हणाला, "ही तर बायजाबाईची गुलाबी." आणि रिक्षा पुढं घालून त्यांना थेट माझ्या दारात आणून सोडलं. चोरानं घर चोरलं, पण हा रंग साऱ्या तालुक्याला ठाऊक हाय हे त्याच्या ध्यानात आलं न्हाय.

पोरं रडवेली झालेली. मंग काय करते? ठेवून घेतली. सासू म्हणाली, "समुद्र कुठाय?" म्हटलं, "म्हशी हायेत. त्या बघा." रात्री बांगड्याचं कालवण खाल्लं आणि तिचा समुद्र मिटला. जाताना पैसे द्यायला लागले, मी घेतले न्हाय. एका घराचे दोनदा पैसे घेतले तर त्या मेजरात आणि माझ्यात फरक काय?

आता मुद्द्याचं. हा फोटो दिवाळीतला हाय. दिवाळीत घरभर फोन घेऊन कोण फिरत व्हतं? तुझा तो ओंकार. तुळशीचा फोटो, पडवीचा फोटो, न्हाणीघराचासुद्धा फोटो. आणि कोलंबी सोलून, वाळवून केलेल्या माझ्या हातच्या सोड्यांच्या भाताला बोट लावलं न्हाय. सोड्यांना न्हाय म्हणणारा माणूस मी पंचाहत्तर वर्षांत पहिला बघितला. शुभमसुद्धा मला म्हणाला, "आजी, त्याच्यावर लक्ष ठेव." चुलतभाऊ असून तुझी एवढी काळजी हाय त्याला.

हे उलगडत न्हाय तवर माझा होकार न्हाय.

तुझी आजी
बायजाबाई


उलवे
७ नोव्हेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि आधी इतकी हसले की बाजूच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मग शेवट वाचला आणि हसू गेलं.

आजी, ओंकार न्हावा शेव्याला माझ्याच ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं करतो. त्याला दिवसभर मान वर करायला वेळ नसतो, तो मेजर कधी होणार? फोटो त्याने माझ्यासाठी काढले आणि मी ते आपल्या घरच्या ग्रुपवर टाकले. तिथे अकरा जण आहेत. पुढे कुणी कुणाला पाठवले, देव जाणे. आणि तो लातूरकडचा आहे. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सोडे न खाणं हा गुन्हा नाही.

असली फसवणूक हल्ली रोज होते. कुणाच्या तरी घराचे फोटो उचलायचे, भाडं निम्मं सांगायचं, आपण फौजेत आहोत म्हणायचं म्हणजे लोक विश्वास ठेवतात. म्हणून पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगायचं. खरा मालक दाखवतो. चोर म्हणतो, रेंज नाही. खरा मालक बुकिंगच्या साइटवरूनच पैसे घेतो. चोर म्हणतो, बाहेरून द्या, स्वस्तात देतो. आणि चोराला नेहमी घाई असते: आत्ता पाठवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. आणखी कुणी आलं तर त्यांच्याकडून त्या मेजरचा नंबर घेऊन ठेव. पुण्याच्या लोकांना १९३० नंबरवर तक्रार करायला सांग.

आजी, पौष लागायच्या आत, १४ डिसेंबरला साखरपुडा धरलाय. ओंकारची आई रोज विचारते. बाबा म्हणतात, "माझी आई हो म्हणेल तेव्हा सुपारी फुटेल." तुझ्या एका शब्दावर माझं सगळं अडलंय, आणि तू तो शब्द एका भातावरून अडवून ठेवलायस.

तुझी
राही


तळवाडी
१३ नोव्हेंबर

राहे,

तुझे नियम वाचले. आधी नीट दाखव म्हणायचं, घाई करणाऱ्यापासून लांब राहायचं, स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळायचं न्हाय. चांगले हायेत. नवरा बघताना लावलेस का?

दुसरं गिऱ्हाईक आलं. नाशिकचं जोडपं, लग्नाला आठ दिवस झालेले. पोरगी फाटकातच रडायला लागली. नवरा तिला म्हणतो, "मी रिव्ह्यू वाचले होते." ती म्हणाली, "ते माझ्या आत्यानं वाचले असते तरी कळलं असतं, सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय." पोरगी हुशार हाय, नवऱ्याचं हळूहळू बघू. त्यांना माझी खोली दिली आणि मी गोदूबाईकडं निजायला गेले. गोदूबाई घोरते. ते कुणी फोटोत दाखवत न्हाय.

रविवारी शुभम आला व्हता. पडवीत पाहुणे बघून पांढराफटक पडला आणि मागल्या दारानं तसाच पनवेलला परत गेला. जेवलासुद्धा न्हाय. लाजाळू हाय पोर, गर्दी सोसत न्हाय त्याला.

नंबर मिळाला. मी ठरवलं, आपणच घर बुक करायचं. माझंच घर, मलाच. पण मी बोलले तर खेड्यातली म्हणून कळेल. म्हणून गोदूबाईला बसवली. ती हळदीकुंकवाच्या नाटकात दर वर्षी शेठाणी करते, सवय हाय तिला. तिच्या सुनेच्या फोनवरून लावला आणि आवाज मोठा केला, तरी मला फोनमधला माणूस डब्यात बसल्यासारखाच वाटतो.

गोदूबाई म्हणाली, "हॅलो, मेजरसाब? मी दादरवरून बोलते. आमची सोळा माणसं हायेत."

"या ना मॅडम. सी-फेसिंग आहे. निम्मे पैसे आत्ता पाठवा, दुसरी पार्टी थांबलीय."

"आत्ता दिवेलागणीची वेळ, भाऊ. तिन्हीसांजेला घरातनं लक्ष्मी बाहेर देत न्हाय आम्ही."

"मॅडम, लक्ष्मी कुठं बाहेर जाते? फोनमधनं फोनमध्ये."

"मंग व्हिडिओवर घर दाखवा. समुद्र दाखवा."

"रेंज नाही मॅडम. समुद्राचा वारा फार."

गोदूबाईनं मागं वळून आपल्या गोठ्याकडं बघितलं आणि तिला हसू आवरेना. फोन ठेवला.

बोलणं गोड व्हतं. तुझ्या ओंकारसारखं.

आजी


उलवे
१७ नोव्हेंबर

आजी,

मी ओंकारला विचारलं. तुझ्या म्हणण्यावरून विचारलं याची मला लाज वाटते. तो आधी हसला, मग दोन दिवस जेवायला माझ्या टेबलावर आला नाही. काल आला आणि म्हणाला, "राही, तुझ्या आजीनं मला चोर म्हटलं याचं काही नाही. तू विचारायला आलीस, ते लागलं."

मी त्या नंबरवर गिऱ्हाईक होऊन मेसेज केला. पत्ता विचारला, आधार कार्ड विचारलं, काहीच देत नाही. फक्त स्कॅन करायचा कोड पाठवतो. पैसे पाठवले की माणूस गायब. तक्रार केलीय, पण नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे म्हणे. तो कुठे राहतो हे कळल्याशिवाय काही हलणार नाही, आणि तो काही केल्या पत्ता सांगत नाही.

आजी, आता थांब. सगळी माणसं सोडून तू माझ्याच माणसावर बोट ठेवलंस. चौदा तारीख जवळ आलीय. तुझा होकार नसेल तर तसं सरळ लिही, मी त्याच्या आईला कळवते.

राही


तळवाडी
१९ नोव्हेंबर

राहे,

रुसलीस तर रुस, पण हे पत्र पुरं वाच.

मी विचार केला, माणूस पैशासाठी पत्ता सांगत न्हाय, तर कशासाठी सांगेल? पैसे फोनमधून जातात. मंग फोनमधून जात न्हाय अशी वस्तू पाहिजे. मी माळ्यावरचा सोड्यांचा डबा खाली काढला.

गोदूबाईनं परत फोन लावला. "मेजरसाब, आमचं नक्की झालं बरं का. पण मला म्हातारीला ते स्कॅन येत न्हाय, भाचा रविवारी येऊन पैसे पाठवील. तवर दुसऱ्याला घर देऊ नका. तुमच्यासाठी भेट म्हणून किलोभर सोडे पाठवते. माझी बहीण मुरुडला असते, तिच्या घरचे हायेत. पत्ता सांगा."

मला वाटलं, ठेवला फोन. मंग हळूच म्हणतो, "सोडे? मीठ लावून वाळवलेले का बिनमिठाचे?"

गोदूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. "बिनमिठाचे."

"पाठीतला काळा दोरा काढलाय ना नीट? बाजारचे काढत न्हाय."

"एक न एक काढलाय."

"मंग मुरुडहून मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त द्या. पनवेलला आमचा माणूस उतरवून घेईल. निळं हेल्मेट हातात असेल म्हणावं."

राहे, अगं, हे कुणी विचारतं का? पुणेकर सासूनं माझे सोडे बघून विचारलं व्हतं, "हे कसले हो किडे?" नाशिकचा नवरा वासानंच अंगणात जाऊन उभा राहिला. सोड्याचा काळा दोरा ज्याच्या आजीनं काढला तोच हे विचारील. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं तशी 'नाही'ची 'न्हाय' झाली. दोन वाक्यांत मेजरकी गळून पडली!

तुझा लातूरवाला सोड्यांचं ताट बघून जसा मागं सरकला व्हता, त्याला हे सात जन्म विचारता येणार न्हाय. सुटला तो. जे मी त्याचं लक्षण म्हटलं त्यानंच सोडवला त्याला. यापुढं मी काय लिहू? समजून घे.

पण चोर आपल्याकडलाच हाय. आपल्याच ताटात जेवलेला. मला सरपंचाच्या भाच्यावर संशय हाय, त्याचं घर कर्जाशिवाय तीन मजली कसं झालं कुणाला ठाऊक न्हाय.

शनिवारी सकाळच्या गाडीत कंडक्टर बाळाजीच्या हाती डबा देते. पनवेल स्टँडवर तू आणि ओंकार उभे राहा आणि कोण डबा घेतो ते बघा. शुभम पनवेललाच राहतो, पण त्याला यातलं काही सांगू नको. तापट हाय, त्या चोराला तिथंच तुडवील.

आजी


उलवे
२३ नोव्हेंबर

आजी,

बसून वाच.

आम्ही स्टँडवर चहाच्या टपरीमागे उभे होतो. गाडी आली. बाळाजीकाकांनी डबा खाली दिला. निळं हेल्मेट घेतलेला माणूस पाठमोरा होता. त्याने डबा हातात घेतला आणि उघडायच्या आधीच नाकाला लावला. डोळे मिटून. तसा वास घेणारं मला एकच माणूस माहीत आहे. लहानपणी आम्ही दोघं तुझ्या माळ्यावर चढून तसाच घ्यायचो.

शुभम होता, आजी.

मला बघून पळाला नाही. झाकणावर हात ठेवून म्हणाला, "हे आजीच्या हातचे आहेत." मी म्हटलं, "हो." मग म्हणाला, "आजीला सांगू नको."

म्हणाला, लोक काशीदला घर शोधून कंटाळून परत जातील असं वाटलं होतं, कुणी आजीच्या दारापर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं. जसं काही त्यामुळे बरं झालं असतं. मी ओरडत होते. ओंकारने शुभमच्या खिशातून तो मेजरचा फोन काढून घेतला, आणि तो दुसऱ्या हातात डबा धरून उभा राहिला, नाक दुसरीकडे करून.

घरी येताना ओंकार म्हणाला, "आईला यातलं काही सांगत नाही. साखरपुडा होऊ दे." मला बरं वाटलं. आता तुला लिहिताना बरं वाटतंय का, ते कळत नाही.

तू काय करणार आहेस?

राही


तळवाडी
२९ नोव्हेंबर

ओंकारराव,

हे पत्र राहीला न्हाय, तुम्हाला हाय. तिला वाचायला द्या, पण आधी तुम्ही वाचा.

मी तुम्हाला चोर म्हटलं. राहीनं सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर आता कळलं.

शुभमला मी बोलावून घेतला. तो आल्या आल्या पाया पडला. म्हटलं, पाय माझे हायेत, पैसे त्यांचे गेलेत, तू चुकीच्या जागी वाकलास. पडवीत बसवून पुण्याला, नाशिकला आणि आणखी तीन घरांना फोन करायला लावले. स्वतःचं नाव सांगून. पुण्याच्या सासूनं त्याला जे ऐकवलं ते मला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. माझे कान तेवढेही गेलेले न्हाय.

दुसऱ्या दिवशी त्याला पुढं घालून मुरुडच्या पोलीस ठाण्यात गेले. त्याचा बाप आडवा आला, "आई, घरातल्या घरात मिटव." म्हटलं, त्यानं ते घरच बाहेर विकलं, आता घरातल्या घरात कसं मिटवू? साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मोटारसायकल विकून पैसे परत करायचं चाललंय. पुढं कोर्ट काय म्हणेल ते म्हणेल. सुटला तर वकिलाचं नशीब, अडकला तर त्याचं स्वतःचं. रात्री त्याला जेवायला वाढलं. सोडे न्हाय वाढले.

माझा होकार कधीचाच झाला. पण आता तो माझ्या हातात राहिला न्हाय. राहीनं लिहिलं, तुम्ही आईला काही सांगणार न्हाय. चांगल्या मनानं म्हणालात ते कळतं. पण ओंकारराव, मागचा गोठा झाकून समुद्र दाखवायचा, हेच तर त्या पोरानं केलं. तुमच्या आईला सांगा की मुलीच्या चुलतभावावर पोलिसांत गुन्हा हाय आणि का हाय. सगळं ऐकून त्या न्हाय म्हणाल्या तर मला राग न्हाय. राहीला येईल. तिचं मी बघून घेईन, ती माझीच नात हाय.

चौदा तारखेच्या आत सांगा. मंग जे उत्तर येईल ते सरळ कळवा, गोड करून न्हाय.

बायजाबाई


उलवे
५ डिसेंबर

आदरणीय आजी,

तुमचं पत्र घेऊन मी गावी गेलो. आईला तोंडी सांगायला जमेना, म्हणून पत्रच वाचून दाखवलं. राहीला बरोबर नेलं नव्हतं. ती इथे चार दिवस धड जेवली नाही.

मामा म्हणाले, असल्या घरात कशाला जायचं. आईने त्यांना विचारलं, "दादा, आपला नातू असता तर तू ठाण्यात नेला असतास का?" मामा म्हणाले, "छे!" आई म्हणाली, "मग आपलंच घर त्यांना चालतंय का, ते विचारायला पाहिजे."

तुम्ही गोड करू नका म्हणालात, म्हणून दुसरंही लिहितो. आईला भीती वाटते, ती गेली नाही. लोक काय म्हणतील हेही तिने दोनदा विचारलं. पण चौदा तारखेला ती येते आहे. तिची एकच अट आहे, आमचं जेवण वेगळ्या भांड्यात व्हावं. ते मागायला तिला संकोच वाटत होता.

मला मात्र सांगायला हवं. पनवेलहून येताना तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. दोन दिवस शर्टाचा वास गेला नाही. तरी तो शर्ट मी टाकलेला नाही.

तुमचा
ओंकार


तळवाडी
९ डिसेंबर

ओंकारराव,

पत्र पोचलं. तुमच्या आईला सांगा, भांडी नवी आणली. पातेली, पळ्या, ताटं, सगळी. चूलसुद्धा वेगळी मांडली हाय, अंगणात. त्या दिवशी माझ्या घरात मासळी शिजणार न्हाय. गोदूबाईलाही बजावलंय. ती म्हणाली, "मी माझ्या घरी तळीन." म्हटलं, वारा माझ्या घराकडं येतो, तळलंस तर बघ.

तुमच्याकडली किती माणसं येणार ते आधी कळवा. घरात झोपायला जागा बारा माणसांची हाय. तेरावा आला तर तो गोदूबाईकडं, आणि ती घोरते हे आत्ताच सांगून ठेवते.

राहीला म्हणावं, जेव. वाळलेली नवरी फोटोत चांगली दिसत न्हाय.

वाढायला शुभम हाय. पोलिसांनी बोलावलं की तो ठाण्यात जातो, एरवी माझ्या नजरेसमोर असतो. भात, वरण, लाडू, काय लागेल ते त्याच्याकडं हक्कानं मागा, लाजू नका.

आहेराची पाकिटं मात्र माझ्या हातात द्या.

बायजाबाई